ओ कुणी द्यायची

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला, जाड पडद्याआड, सहा पावलं लांब आणि दोन पावलं रुंद अशी एक अंधारी खोली होती. त्याचा सारा दिवस त्या खोलीत जाई. एका टोकाला उंच खुर्ची, दुसऱ्या टोकाला अक्षरांचा उजळणारा तक्ता. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नाकावर तो तपासणीची जड फ्रेम चढवी, तिच्या खोबणीत एक भिंग सरकवी, ते काढून दुसरं घाली आणि विचारी, "पहिलं बरं, की दुसरं?" गेली चौदा वर्षं तो हाच प्रश्न विचारत आला होता. गल्लीतले लोक त्याला नंबरवाला म्हणत. स्वभावानं तो अबोल होता. अंधारात, दुसऱ्याच्या चेहऱ्याजवळ उभं राहून हळू आवाजात एकच प्रश्न विचारण्याचं हे काम त्याला मानवलं होतं.

या कामातली एक गोष्ट मात्र त्याला अजून टोचत असे. समोरच्याला काय दिसतं ते शेवटी फक्त समोरच्यालाच ठाऊक असतं. तो सांगेल ते खरं मानून चालायचं आणि त्यावर काच घासायची. म्हणून खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो आधीच बजावी, "इथे खोटं बोललात तर चष्माही खोटाच मिळेल."

त्या मंगळवारी एक निवृत्त बसचालक आले होते. खुर्चीत टेकतात न टेकतात तोच त्यांनी तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवली.

"काका, दिवा अजून लावलेला नाही मी."

"मग लाव की. अक्षरं काय पळून जाणार आहेत?"

"मागच्या वेळची पाठ केलीत ना?"

"पाठ कशाला करू? डोक्यात राहिली. डोळे गेले म्हणून डोकंही गेलं असं समजू नकोस."

तो हसला, तक्ता बदलला, आणि काकांची सगळी हुशारी दुसऱ्या ओळीवरच आटोपली. ते गेल्यावर त्यानं भिंगं पुसून डब्यात लावली, मालकाला सांगून अर्ध्या दिवसाची सुटी घेतली आणि तो मनोरुग्णालयाकडे निघाला.

रुग्णालयाच्या संशोधन विभागातून त्याला तीन पत्रं आली होती. स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांच्या सख्ख्या पण निरोगी नातेवाइकांची तपासणी करायची होती; आजार नसलेल्यांतही त्याच्या काही पुसट खुणा असतात का, हे पाहायचं होतं. पहिली दोन पत्रं त्यानं फाडली. तिसऱ्यानंतर डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"तुमच्या बहिणीनं तुमचं नाव दिलंय. 'तुम्हाला ऐकू येणारा आवाज घरात आणखी कुणाला ऐकू यायचा का?' असा एक प्रश्न आहे आमचा. त्यापुढे त्यांनी लिहिलंय, 'ते धाकट्याला विचारा.'"

फोन ठेवल्यावर त्याला जुन्या घरातली ती दुपार आठवली.

तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि ताई एकोणीस वर्षांची. घरात एकामागे एक अशा तीन खोल्या. पुढची बसायची, मधली झोपायची, मागची अडगळीची. दुपारी आईवडील कामावर असत. त्या दुपारी तो पुढच्या खोलीत गणितं सोडवत होता आणि ताई मधल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. अडगळीच्या खोलीतून हाक आली.

"ताई."

त्याचाच आवाज होता तो. त्या आठवड्यात त्याचा घसा बसला होता. हाकेतही तीच घोगरी धार होती.

"ओ," ताई म्हणाली. तिनं इस्त्री उभी ठेवली, मागे जाऊन आली आणि पुढच्या खोलीच्या दारात थांबली. "कशाला हाक मारलीस रे?"

"मी नाही मारली."

हे खरं होतं. मग तिनं विचारलं, "ऐकलीस तरी?"

"नाही."

हे खरं नव्हतं. आपण असं का म्हणालो, हे त्याला पुढे कधीच धड सांगता आलं नाही. हो म्हटलं असतं तर मागच्या खोलीत आपणच उभे आहोत हे कबूल केल्यासारखं झालं असतं, असं काहीसं त्याला वाटलं होतं. त्यानंतर हाक वरचेवर येऊ लागली, कधी दिवसाकाठी चार-चारदा, आणि दर वेळी ताई ओ देई. आईवडिलांना हाक ऐकू येत नव्हती. त्यांना ऐकू येई ती फक्त ताईची ओ, भर जेवणात, कुणी काही बोलत नसताना. पुढे ताईची झोप गेली, ती जेवेनाशी झाली, अडगळीच्या खोलीच्या उंबऱ्यावर तासन्‌तास बसू लागली. ती आजारी होती यात शंका नव्हतीच. पण डॉक्टरांनी त्यालाही स्टुलावर बसवून विचारलं होतं, "ताईला जे ऐकू येतं ते तुला कधी आलं का रे ऐकू?" दार अर्धवट उघडं होतं. फटीतून ताई त्याच्याकडे पाहत होती. त्या नजरेत विनवणी नव्हती. ती नुसती पाहत होती.

"नाही," तो म्हणाला होता, आणि डॉक्टरांनी ते लिहून घेतलं होतं.

ताईला उपचारांसाठी घराबाहेर नेल्यावर ती हाक त्यानं पुन्हा कधीच ऐकली नाही. आपल्याला झालेला तो भास होता असं मानणं त्याला सोयीचं गेलं. या गोष्टीला आता तेवीस वर्षं होत आली होती.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, बोलक्या, कानामागे पेन्सिल खोचणाऱ्या होत्या. त्यांनी चाळीस प्रश्नांचे कागद पुढे ठेवले. सतरावा प्रश्न असा होता: आसपास कुणी नसताना कुणी हाक मारल्याचं ऐकू आलं आहे का?

"याला पुष्कळ जण हो म्हणतात हं," त्या म्हणाल्या. "अगदी ठणठणीत माणसंसुद्धा. बिचकू नका."

त्यानं 'नाही' लिहिलं. चाळीसही प्रश्नांपुढे एकाच वळणाचं 'नाही' उतरलं.

मग डोळ्यांची तपासणी झाली. हनुवटी एका टेकूवर, कपाळ पट्ट्याला लावलेलं; असल्या टेकूवर त्यानं हजारो हनुवट्या टेकवल्या होत्या, स्वतःची मात्र कधी नाही. समोरच्या पडद्यावर एक हिरवा ठिपका डावीकडून उजवीकडे संथपणे सरके आणि परत येई. त्याच्यामागे नजर न्यायची, एवढंच. मधे वीस सेकंदांची विश्रांती होती. पडदा कोरा झाला, बाई शेजारच्या खोलीत गेल्या. तो कोऱ्या पडद्याकडे पाहत बसून राहिला. निदान त्याला तसं आठवत होतं.

अर्ध्या तासानं त्यांनी आलेख त्याच्यापुढे पसरला. ठिपक्याची रेघ गुळगुळीत होती. त्याच्या नजरेची रेघ जागोजागी अडखळत, पायऱ्या उतरल्यासारखी चालली होती.

"ठिपका निसटतो आणि डोळा उडी मारून त्याला गाठतो. रुग्णांच्या निरोगी भावंडांत हे बऱ्याचदा दिसतं. हा आजार नाही आणि होईलच असंही नाही. दहातल्या नऊ भावंडांना जन्मभर काही होत नाही. घराण्याची एक खूण म्हणा. नाक आजीवर जातं ना, तसं." त्यांनी पान उलटलं आणि बोलता बोलता थांबल्या. "हे मात्र तुम्ही बघा. तुमचं कामच हे आहे."

ती विश्रांतीची वीस सेकंदं होती. सुरुवातीला रेघ इकडेतिकडे उड्या मारत होती, कोऱ्या जागेवर कुणाचीही मारील तशी. मग एका ठिकाणी ती शांत झाली, आणि पुढली अकरा सेकंदं एकही खाच न पडता, संथ, अखंड वळत गेली.

त्यानं कागद जवळ ओढला. डोळ्याला रिकाम्या जागेवरून असं सरकता येत नाही. ठरवूनही नाही. सरकायला त्याला हलतं काहीतरी लागतं.

"यंत्र बिघडलं असेल," तो म्हणाला.

"असेल."

"कुठून कुठे गेलीय नजर?"

बाईंनी कानामागची पेन्सिल काढून तिचं टोक रेघेवर ठेवलं. "इथे दार. तिथून हळूहळू अशी आत. इथे तुमच्यासमोर जरा थांबलीय. मग उजवीकडे, डोळा वळेल तितकी." त्यांनी मान वळवून त्याच्या खुर्चीमागच्या मोकळ्या भिंतीकडे पाहिलं आणि पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली. "आपण पुन्हा एकदा करू केव्हातरी."

"खोलीत तेव्हा कोण होतं?"

"तुम्हीच."

त्याला काहीही पाहिल्याचं आठवत नव्हतं. तीच गोष्ट त्याला सर्वांत असह्य वाटली.

"तुम्हाला मुलगी आहे ना? आठ वर्षांची?" निघताना बाई म्हणाल्या. "जमलं तर तिलाही आणा. सक्ती नाही. आणि ही तुमच्या उत्तरांची प्रत. काही बदलावंसं वाटलं तर दुरुस्त करून पाठवा, लोक पाठवतात."

त्याची बायको पहाटे बेकरीत कामाला जाई आणि दुपारी एकला घरी येई. संध्याकाळी ती ओट्याशी बटाटे सोलत असताना तो तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"काय विचारलं?"

"चाळीस प्रश्न होते."

"मग?"

"सगळ्यांना नाही म्हटलं."

"बरं केलंस."

"त्यातल्या एकाचं उत्तर हो होतं."

सोलाणं थांबलं. आयुष्यात प्रथमच त्यानं ती दुपार कुणाला तरी सांगितली: इस्त्री, घोगरा आवाज, स्टूल, दाराची फट. ती पाठमोरीच ऐकत होती. त्याचं बोलून झाल्यावर तिनं सोललेला बटाटा पाण्यात सोडला.

"तेवीस वर्षं पोटात ठेवलंस, तसंच आणखी ठेव."

"ताईचं काय?"

"तुझ्या एका 'हो'नं ताईंची तेवीस वर्षं परत येणार आहेत का? सांग ना. आपल्या पोरीच्या नावामागे मात्र ते कायमचं लागेल. आधी आत्या, मग बाप. उद्या ती वर्गात जरा तंद्री लावून बसली, तरी बाई म्हणतील, घरातच आहे यांच्या. तुला चालेल?"

"मी खोटं बोललो तिच्याबाबतीत."

"बोललास. आता मुलीसाठी गप्प बस. कधी नव्हे ते गप्प बसणं कामाला येतंय तुझं."

तिच्या बोलण्यात त्याला काही खोट काढता येईना. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र त्याच्या लक्षात आलं, की एवढं सगळं ऐकून बायकोनं एक गोष्ट विचारलीच नव्हती. ती हाक कुणाची होती, हे तिला जाणून घ्यावंसं वाटलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी पुन्हा सुटी काढून तो ताईकडे गेला. ती राहत असे ती वसतिगृहासारखी लांबट इमारत होती, फरशीला जंतुनाशकाचा उग्र वास आणि प्रत्येक खिडकीला सारखाच निळा पडदा. ताई तळमजल्यावरच्या धुलाईघरात काम करी. बेचाळीस वर्षांची, औषधांनी सुटलेली, केस आखूड कापलेले, जीभ किंचित जड. धुतलेल्या चादरींचा ढीग समोर ठेवून ती बसली होती.

"या नंबरवाले. माझा नंबर कधी लागणार तुमच्याकडे?"

"तू कधी येतेस सांग."

"मला सोडतील तेव्हा. तोवर आंधळी होते." ती हसली. "बसू नकोस नुसता. ते टोक धर."

दोघांनी एक चादर ताणून धरली. घडी घालायची तर दोन्हीकडून चालत येऊन टोकांना टोकं भिडवायची, तिनं ती आपल्या हातात घ्यायची आणि त्यानं खाली वाकून नवी टोकं उचलायची. दर घडीला ते एकमेकांच्या समोर येत आणि परत लांब जात. तिसऱ्या चादरीला, टोकं तिच्या हातात देताना, तो म्हणाला, "ताई, मी ऐकलं होतं."

"काय?"

"हाक. तेव्हाची. सगळ्या वेळा ऐकली होती."

तिनं टोकं जुळवली, वरून हात फिरवला. "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"हाक आली की तुझी पेन्सिल थांबायची. मी ओ दिली की परत चालायला लागायची. घरभर ऐकू यायचं ते." तिनं चादर ढिगावर ठेवली. "तोंड असं करू नकोस. पुढची घे."

"मग तू डॉक्टरांना सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तुलाही माझ्या शेजारी आणून बसवलं असतं. एका घरातून किती जण न्यायचे?"

तो टोकं धरून उभाच राहिला. पलीकडची यंत्रं गरगरत होती, वाफेनं खिडकीच्या काचा आंधळ्या झाल्या होत्या. आपल्याला रडू यावं असं त्याला वाटत होतं, आणि ते येत नव्हतं.

"ओ तरी का द्यायचीस मग? मी समोर बसलेला दिसत होतो ना तुला?"

"दिसत होतास की. हाक तुझी नव्हे, हे काय मला कळत नव्हतं?" जड जिभेनं ती एकेक शब्द जपून उच्चारत होती, आणि त्यामुळे तो अधिकच स्पष्ट वाटे. "ओ नाही दिली तर पुढे यायचं ते. एकदाच नव्हती दिली मी. शिवत होते, तोंडात टाचण्या होत्या माझ्या. तेव्हा तुझ्या खोलीच्या दारापर्यंत गेलं. तू पाठमोरा होतास."

"काय गेलं?"

ताईनं चादरीचा कोपरा दोनदा नीट केला.

"कुणीतरी ओ द्यायलाच हवी होती, धाकट्या. तू लहान होतास."

"आता येते का ती हाक?"

"इथे? इथे एकदाही नाही. पहिल्या दिवसापासून नाही. डॉक्टर म्हणाले, बघा, औषध कसं लागू पडलं." ती पुन्हा हसली, पण या वेळी त्याच्याकडे न पाहता. "मी म्हटलं, पडलं असेल."

निरोप घेताना तिनं त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. लहानपणी शाळेत जाताना करायची, अगदी तशी.

परतीच्या वाटेवर त्याचं ठरलं. ताईनं ओ दिली आणि त्यानं मान खाली घातली. तिला वेडी ठरवून तो शहाणा राहिला. ही एक ओळ तरी खरी लिहायची. मुलीवर त्याची सावली पडली तर तिच्या शेजारी आपण उभे राहू, पण या वेळी दाराच्या अलीकडे बसून नाही म्हणायचं नाही.

तो घरी पोचला तेव्हा चार वाजत होते. दुकान सुटायला रोज आठ होत, त्यामुळे या वेळी घर कसं असतं हे तो विसरूनच गेला होता. पुढच्या खोलीत उन्हाचा एक लांब तुकडा जमिनीवर पडला होता. मुलगी त्यात पालथी पडून शाळेसाठी नकाशा रंगवत होती. स्वयंपाकघरात बायको भांडी घासत होती. नळाचा आवाज येत होता.

"आज लवकर कसा?" मुलीनं विचारलं.

"तुला बघायला."

"बघ मग," ती म्हणाली आणि समुद्राला निळा रंग देऊ लागली.

त्यानं मेजावर उत्तरांची प्रत उलगडली. सतराव्या प्रश्नापुढचं 'नाही' खोडलं. शेजारी 'हो' लिहिलं, खाली तारीख घातली, सही केली. तेवीस वर्षांनी छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. त्यानं पेनाला टोपण लावलं.

"बाबा."

हाक आतल्या खोलीतून आली. मुलीचा आवाज, शेवटचा 'बा' तिच्यासारखाच जरा लांबवलेला.

मुलगी त्याच्या पायांशी होती. तिचे ओठ मिटलेले होते.

समुद्र अर्धवट राहिला होता. ती आतल्या खोलीकडे पाहत नव्हती. ती त्याच्याकडे पाहत होती. विनवणी नव्हती त्या नजरेत.

"ऐकलं," तो म्हणाला. "मीही ऐकलं."

तिचे ताठलेले खांदे खाली आले.

"बाबा." आता ते खोलीच्या बाहेर, बोळात होतं.

"मग ओ दे ना," मुलगी कुजबुजली. "तुलाच बोलावतंय."

त्यानं तोंड उघडलं. एक अक्षर होतं. ते घशापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"दे ना, बाबा. नाहीतर रोज आईलाच द्यावी लागते."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"ओ," त्याची बायको म्हणाली.

बोळातून पुन्हा हाक आली नाही. मग तिनं पुन्हा नळ सोडला.